वाळवंटी बागेतले मांसल वृक्ष: पावसाचा महिना आणि रात्रीचा उकाडा

2023 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहरात, पारा सलग 31 दिवस 43 अंश सेल्सियसच्या पुढे गेला. बातम्या त्याच्याच झाल्या. झाडांच्या दृष्टीने खरी आपत्ती मात्र रात्रीची होती. जुलैत सलग 16 रात्री तापमान 32 अंशांच्या खाली उतरले नाही आणि 19 जुलैला तर दिवसाचे किमान तापमानच 36 अंश होते. त्या उन्हाळ्यात तिथल्या डेझर्ट बोटॅनिकल गार्डनमधल्या सग्वारो निवडुंगांचे हात गळून पडू लागले, काही खांब मुळापासून कोसळले. सग्वारो म्हणजे सोनोरन वाळवंटाचा जन्मजात रहिवासी. याच उन्हात हजारो वर्षे उभा असलेला. त्यालाही हे सोसेना, तर नामिबिया, मादागास्कर, येमेन इथून आणून त्याच शहरातल्या अंगणांत लावलेल्या झाडांनी काय करायचे?

प्रश्न हौशी लोकांपुरता राहिलेला नाही. फिनिक्स आणि भोवतालच्या चँडलर, गिल्बर्ट, मेसा या गावांत हिरवळ काढून खडी पसरलेल्या बागा करण्याकडे कल आहे, कारण हिरवळीला लागणारे पाणी दिवसेंदिवस महाग आणि बेभरवशाचे होत चालले आहे. चिप उद्योगामुळे या भागात स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही यात आली. परसात कढीपत्ता आणि मोगरा जगवण्याची खटपट संपली की पुढच्या अंगणात काय लावायचे हा विषय निघतोच. तिथे उंची हवी असते आणि डोळ्यांत भरणारा आकार हवा असतो, पण रोजचे पाणी द्यायचे नसते. मग नजर जाते ती खोडात किंवा फांद्यांत पाणी साठवून वृक्षाएवढ्या वाढणाऱ्या वनस्पतींकडे: उंच निवडुंग, झाडासारखे कोरफडवर्गीय, युफोर्बिया, पॅकिपोडियम, बूजम, गजवृक्ष.

यांच्याबद्दलचे लेखी सल्ले भरपूर आहेत आणि एकमेकांशी भांडणारे आहेत. बऱ्याच भांडणांचे मूळ मला एकाच गोष्टीत दिसते. सुंदर छायाचित्रे आणि त्याबरोबरचा उपदेश पुष्कळदा कॅलिफोर्नियाच्या किनारी पट्ट्यातून येतो. लॉस एंजेलिसजवळच्या सॅन मरिनो इथल्या हंटिंग्टन बागेतला वाळवंटी विभाग 1907 पासून वाढतो आहे आणि जगातल्या उत्तम संग्रहांपैकी एक आहे. पण ते वाळवंट नव्हे. तिथे समुद्राची हवा पोचते आणि उन्हाळ्यातही बहुतेक रात्री गार होतात. तिथे दुपारच्या भर उन्हात सुखाने उभे असलेले झाड फिनिक्सच्या पश्चिम भिंतीपाशी एका जुलैत भाजून निघते. ‘वाळवंटी वनस्पती’ हे लेबल वाचून खरेदी करणाऱ्याची फसगत इथेच होते. झाड किती कोरडे राहू शकते, हा प्रश्न दुय्यम आहे. विचारायचे ते हे, की त्याच्या गावी पाऊस कोणत्या महिन्यांत पडतो आणि तिथल्या रात्री किती उबदार असतात.

रात्रीला एवढे महत्त्व का, याचे उत्तर या झाडांच्या श्वासोच्छ्वासात आहे. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. निवडुंग आणि बरीचशी मांसल झाडे ती दिवसा मिटून ठेवतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपात पेशींत साठतो आणि दिवसा दारे बंद करून त्यापासून साखर तयार होते. या प्रक्रियेची एक जुनी नोंद आपल्याकडचीच आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पाने चघळून पाहिली. सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळकडे किंचित कडवट, असे त्यांना आढळले. 1813 साली त्यांनी हे पत्राने लंडनला कळवले आणि दोन वर्षांनी ते लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. कुंडीत पानफुटी असेल तर हा प्रयोग कोणालाही करता येतो.

या व्यवस्थेला गार रात्र लागते. रात्रही तापलेली असली की रंध्रे उघडताच पाणी उडू लागते, म्हणून झाड ती नीट उघडत नाही; उलट उष्णतेमुळे स्वतःच्या पेशींचा खर्च वाढतो. आवक थांबलेली आणि खर्च चालू, अशी काही आठवड्यांची अवस्था मोठ्या सग्वारोलाही पोखरते. वरून तो हिरवागार आणि फुगलेला दिसत असतो, म्हणून कोसळल्यावर लोकांना धक्का बसतो. शहरात हे जास्त जाणवते, कारण काँक्रीट आणि डांबर दिवसभराची उष्णता रात्री परत सोडतात आणि शहराबाहेरच्या वाळवंटाएवढी गार रात्र शहराला मिळत नाही.

गंमत अशी, की शंभर वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांना छळणारा प्रश्न थंडीचा होता. तूसॉन शहराजवळ टुमामॉक टेकडीवर कार्नेगी संस्थेने 1903 मध्ये डेझर्ट लॅबोरेटरी उभारली. तिथे फॉरेस्ट श्रीव्ह यांनी सग्वारो उत्तरेकडे एका रेषेपुढे का जात नाही याचा शोध घेतला. 1911 च्या त्यांच्या लेखाचा निष्कर्ष असा होता, की पारा किती खाली गेला यापेक्षा गोठण्याखाली तो किती तास सलग राहिला यावर झाडाचे मरण ठरते. मध्ये दुपारची ऊब मिळाली तर ते वाचते. आज उन्हाळ्याबद्दल नेमके हेच म्हणावे लागते. एखाद्या दुपारचे 47 अंश झाड सोसते. ओळीने पंधरा-सोळा रात्री विसावा न मिळणे त्याला सोसत नाही.

आता निवड. सोनोरन वाळवंटाला दोन पावसाळे आहेत: हिवाळ्यातला हलका, रेंगाळणारा पाऊस आणि जुलै ते सप्टेंबरमधला गडगडाटी मॉन्सून. म्हणूनच इथे जगाच्या दोन्ही प्रकारच्या वाळवंटांतली झाडे लावून बघण्याचा मोह होतो. आणि म्हणूनच एकाच ठिबकवर सगळी बाग ठेवली की निम्मी मरते.

उन्हाळी पावसाच्या मुलखातली झाडे तुलनेने सोपी. मादागास्करच्या दक्षिणेतल्या काटेरी जंगलातले पॅकिपोडियम लामेरी आणि पॅकिपोडियम जायी ही त्यांतली ठळक उदाहरणे. पहिले आपल्याकडच्या नर्सऱ्यांत ‘मादागास्कर पाम’ म्हणून विकले जाते, पाम नसूनही. फिनिक्सच्या उन्हाळ्यात ती जोमाने वाढतात आणि भरपूर पाणी पितात. हिवाळ्यात पाने गाळून झोपतात, तेव्हा मात्र मुळे कोरडी हवीत. अरबस्तानातला युफोर्बिया अम्माक आणि आफ्रिकेतला युफोर्बिया इंजेन्स हे शाखांचे झुंबर धरणारे उंच वृक्ष तिथे बऱ्यापैकी रुळले आहेत. दोघांचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर दवाखाना गाठावा लागतो, म्हणून मुले खेळतात त्या कोपऱ्यात मी ते लावणार नाही. येमेनकडचे अडेनियमही उष्णतेला घाबरत नाही. थंड आणि ओल्या मातीत ते सडते. पांढरा चाफाही खरे तर याच गटात बसतो. त्याच्या जाड फांद्यांत पाणी असते, हिवाळ्यात तो बोडका होतो आणि तेव्हा पाणी घातले तर कुजतो. मराठी घरांत लहानपणापासून चाफा पाहिलेल्याला हा गट समजावून सांगावा लागत नाही.

या गटाचा शत्रू हिमरात्र. फिनिक्समध्ये ती क्वचित येते, तूसॉनमध्ये जास्त वेळा, आणि उंच खांबांचे कोवळे शेंडे आधी काळे पडतात. डिसेंबर-जानेवारीत तिथल्या वस्त्यांत निवडुंगांच्या टोकांवर थर्मोकोलचे पेले उपडे घातलेले दिसतात. हास्यास्पद दिसणारा हा उपाय हलक्या हिमाला पुरतो.

हिवाळी पावसाची झाडे ही खरी डोकेदुखी, आणि नेमकी तीच सर्वांत देखणी. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातला कोकरबूम, म्हणजे बाणांच्या भात्याचे झाड. सॅन लोक त्याच्या पोकळ फांद्यांचे भाते करत. केपचे डच प्रशासक सायमन व्हान देर स्टेल यांनी 1685 मध्ये नामाक्वालँडकडे मोहीम काढली तेव्हा त्याची नोंद झाली. 2013 पर्यंत तो कोरफडीच्या प्रजातीत होता, त्यानंतर वृक्षरूप कोरफडींचा अलोइडेंड्रॉन हा स्वतंत्र गट केला गेला. सोनेरी साल, फांद्यांवर ऊन परतवणारी पांढरी भुकटी, वर निळसर पानांचे झुपके. अंगणात हा असावा असे कोणाला वाटणार नाही? पण त्याच्या बऱ्याचशा मुलखात पाऊस हिवाळ्यात पडतो. फिनिक्सच्या जुलैत तो वाढ थांबवून बसलेला असतो. माती तापलेली, मुळे निष्क्रिय. अशात पाने सुरकुतलेली पाहून मालक दयेपोटी पाणी घालतो. गरम, ओल्या मातीत बुरशी उसळते आणि झाड दोन आठवड्यांत तळातून मऊ पडते. सुरकुतलेले पान हे इथे तहानेचे नसून झोपेचे लक्षण असते, एवढे लक्षात ठेवले तरी बरेच कोकरबूम वाचतील.

मात्र याही झाडाचा मुलूख एकजिनसी नाही. नामिबियात किटमन्सहूपजवळ कोकरबूमचे प्रसिद्ध बन आहे आणि तिथला पाऊस उन्हाळी आहे. त्यामुळे बी कुठले, हा प्रश्न रोपवाटिकेत विचारण्यासारखा आहे, आणि तो फारसा कोणी विचारत नाही. हवामानबदलाच्या चर्चेतही हे झाड आले. 2007 मध्ये वेंडी फोडेन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की विषुववृत्ताकडच्या उष्ण टोकाला कोकरबूम अधिक प्रमाणात मरत आहेत. 2014 मध्ये दुसऱ्या एका अभ्यासाने वादळी वाऱ्याने उन्मळून पडणे हेही मरणाचे मोठे कारण असल्याचे मांडले. बागवानाने दोन्ही ऐकावे: सावलीची सोय करावी आणि उथळ मुळांच्या या झाडाला मॉन्सूनच्या झंझावातात उघड्यावर सोडू नये.

कोकरबूमचा नातेवाईक अलोइडेंड्रॉन बार्बेराए आफ्रिकेच्या पूर्व बाजूचा, उन्हाळी पावसाचा आणि दमट हवेचा. किनारी कॅलिफोर्नियात तो प्रचंड होतो. फिनिक्समध्ये उन्हाळ्यात भाजतो आणि हिवाळ्यात गोठतो. या दोघांचा संकर ‘हर्क्युलीस’ नावाने विकला जातो. तो वेगाने वाढतो आणि दोन्ही टोके आईबापांपेक्षा बरी सोसतो. पहिल्यांदा वृक्षरूप कोरफड लावणाऱ्याने शुद्ध जातीचा हट्ट सोडून हाच घ्यावा, असे माझे मत. अलोइडेंड्रॉन पिलान्सी आणि ‘अर्धमानव’ म्हणवला जाणारा पॅकिपोडियम नामाक्वानम यांच्या वाटेला नवख्याने जाऊ नये.

बूजमची गोष्ट निराळी. बाहा कॅलिफोर्निया आणि समोरच्या सोनोरा किनाऱ्याचा एक छोटा तुकडा, एवढाच त्याचा मुलूख. तूसॉनच्या प्रयोगशाळेतले गॉडफ्री साइक्स यांनी 1922 मध्ये ते दुर्बिणीतून पाहिले आणि लुइस कॅरलच्या कवितेतल्या एका काल्पनिक प्राण्याचे नाव त्याला दिले. खाली जाड आणि वर निमुळता होत गेलेला पांढुरका खांब, त्याला बाजूने पेन्सिलीएवढ्या काड्या. हेही थंड ऋतूत वाढणारे झाड: पावसाळ्यानंतर पाने फुटतात, वसंताच्या शेवटी गळतात आणि उन्हाळाभर ते मेल्यासारखे उभे असते. पण सोनोरन वाळवंटाच्याच अंगणातले असल्यामुळे फिनिक्स आणि तूसॉनच्या उन्हाळ्यात ते टिकते. वाढ मात्र इतकी मंद, की घरातल्या पुढच्या पिढीचा विचार करूनच लावावे.

गजवृक्ष म्हणवल्या जाणाऱ्या दोन झाडांकडे मराठी वाचकाने आपुलकीने पाहावे. बर्सेरा मायक्रोफायला हे ॲरिझोनातही नैसर्गिकरीत्या सापडते. फुगीर खोड, सोलपटणारी साल, चुरगळल्यावर धुपासारखा वास. वास ओळखीचा वाटला तर नवल नाही, कारण सातपुड्यातली साळई आणि कच्छ-राजस्थानातले गुग्गुळ याच कुळातली. दुसरे, बाहा कॅलिफोर्नियातले पॅकिकॉर्मस, आंब्याच्या कुळातले. दोन्ही अंगणाच्या आकाराला साजतात, वळणदार होतात आणि बर्सेरा तर उष्णतेला दाद देत नाही. तरी रोपवाटिकांत गिऱ्हाईक सग्वारोकडे धावते.

बाकीच्यांचे थोडक्यात. जोशुआ वृक्ष फिनिक्ससारख्या सखल, गरम जागी लावू नये. तो मोहावे वाळवंटातल्या उंच पठारांचा आहे आणि त्याला थंड हिवाळा लागतो. त्याऐवजी मेक्सिकोकडचे युका रोस्ट्राटा किंवा युका फिलिफेरा. ती काटेकोर अर्थाने मांसल नाहीत, पण काम तेच करतात आणि मरत नाहीत. कॅनरी बेटांचा ड्रॅगन वृक्ष दुपारच्या सावलीत कसाबसा तग धरतो. सोकोत्रा बेटावरचा त्याचा छत्रीसारखा भाऊ धुक्यावर वाढतो, तो छायाचित्रातच ठेवलेला बरा.

सग्वारोबद्दल लोकांच्या अपेक्षाच चुकलेल्या असतात. बी रुजल्यावर पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम अडीच ते चार सेंटिमीटर वाढतो. पहिला हात फुटायला 50 ते 70 वर्षे लागतात, कोरड्या जागी शंभरही. म्हणून लोक मोठा, हात असलेला सग्वारो उचलून आणवतात. ॲरिझोनात त्यासाठी परवाना आणि बिल्ला लागतो, आणि तो कायदा योग्यच आहे. चोऱ्या रोखण्यासाठी सग्वारो नॅशनल पार्कने आपल्या काही झाडांत मायक्रोचिपसुद्धा बसवल्या आहेत. पण परवाना असला तरी शहाणपण असतेच असे नाही. खणताना मोठ्या झाडाची दूरवर पसरलेली उथळ मुळे तुटतात; साठलेल्या पाण्यावर ते काही वर्षे हिरवे राहते, हमीची मुदत उलटते आणि मग कलते. कंबरेएवढा, हात नसलेला सग्वारो स्वस्त मिळतो, लवकर रुजतो आणि जगण्याची शक्यता कितीतरी अधिक. लावताना त्याची मूळची दक्षिण बाजू पुन्हा दक्षिणेकडेच यावी, कारण त्या बाजूची साल उन्हाला निबर झालेली असते. फिरवून लावला तर कोवळी बाजू भाजते, आणि मांसल झाडाच्या अंगावरचा डाग आयुष्यभर राहतो.

निसर्गात छोटा सग्वारो उघड्यावर क्वचितच वाढतो. पालो व्हर्डे किंवा आयर्नवुडच्या झुडपाखाली तो रुजतो. ते त्याला दुपारचे ऊन, हिवाळ्यातले हिम आणि उंदीर यांपासून आडोसा देते. पुढे सग्वारो मोठा होऊन त्याच दाईचे पाणी पळवतो. बागेची आखणी करणारे हे साफ विसरतात. खडीच्या मैदानात, तापलेल्या भिंतीला पाठ लावून, एकटे झाड उभे करणे छायाचित्राला छान आणि झाडाला घातक. पालो व्हर्डेची विरळ सावली नसेल तर पहिले दोन-तीन उन्हाळे शेडनेट बांधावे. शेजाऱ्यांना आवडणार नाही, पण इलाज नाही.

जमिनीचा विषय रटाळ आहे, तरी बहुतेक मरणे तिथेच होतात. फिनिक्स-तूसॉनच्या मातीखाली ठिकठिकाणी कॅलिची, म्हणजे चुनखडीचा दगडासारखा थर असतो; पहार मारली की ठिणगी उडते. त्यावर खड्डा केला तर तो खड्डा न राहता हौद होतो. खड्ड्यात पाणी भरून ठेवावे. दुसऱ्या दिवशीही ते तसेच असेल तर थर फोडावा नाही तर जागा बदलावी. सोपा मार्ग म्हणजे मुरूम आणि भरड वाळूचा उंचवटा करून त्यावर लावणे. शेणखत, कोकोपीट यांचा मोह आवरावा. पाणी द्यायचे ते खोल आणि क्वचित, बुंध्यापासून लांब, आणि झाड वाढत असेल त्या ऋतूत. उन्हाळी वाढीची झाडे मार्च ते मे दरम्यान लावावीत, हिवाळी वाढीची ऑक्टोबरात. यासाठी ठिबकच्या दोन वेगळ्या ओळी ठेवाव्याच लागतात; एका ओळीत काटकसर करून शेवटी पैसा वाचत नाही.

यातले भारतात काय लागू पडते? जोधपूरला मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी 2006 पासून उभे राहिलेले राव जोधा डेझर्ट रॉक पार्क हे याचे चांगले उत्तर आहे. सुमारे 70 हेक्टर ज्वालामुखी खडकावर पर्यावरणतज्ज्ञ प्रदीप कृष्ण यांच्या मार्गदर्शनाखाली आधी परदेशी बाभूळ उपटली गेली आणि मग तिथलीच झाडे लावली गेली. त्यांत थोर, म्हणजे युफोर्बिया कॅडुसिफोलिया, महत्त्वाचा. मॉन्सूनचा पाऊस, तापलेल्या रात्री, खडकाच्या फटीतली मूठभर माती, हे सगळे तो आधीपासून जाणतो. सोलापूर, नगर, विदर्भ यांना वाळवंट म्हणता येणार नाही, पण मेच्या रात्री तिथेही गार होत नाहीत आणि पाऊस तर उन्हाळ्याला लागूनच येतो. तेव्हा तिथल्या हौशी माणसाने ऑनलाइन मागवलेल्या कोकरबूमवर पैसे घालवू नयेत. जूनच्या पहिल्या आठवड्यातच त्याचा निकाल लागेल. पॅकिपोडियम, अडेनियम, चाफा, आणि कुंपणाचा म्हणून तुच्छ मानला गेलेला आपला शेर ही सर्व, पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर, चालतील.

फिनिक्समधल्या मध्यम अंगणाचे मला विचारले, तर पहिल्या वर्षी एकही मांसल झाड घेऊ नका असे सांगेन. आधी एक पालो व्हर्डे, भिंतीपासून दूर. दोन-तीन वर्षांत त्याची जाळीदार सावली पडू लागली की पूर्वेच्या बाजूला हर्क्युलीस, दक्षिणेला हातभर उंचीचा सग्वारो, आणि घराच्या उबेत, जिथे हिम पोचत नाही तिथे, पॅकिपोडियम जायी. बर्सेराला उघडी, खडकाळ जागा. बूजम, हौस असेल तर, एकच. खरेदी बियांपासून वाढवलेल्या रोपांचीच करावी, कारण जंगलातून उपटलेली झाडे आजही बाजारात येतात. बहुतेक सगळे निवडुंग आणि बूजम आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात आहेत, पिलान्सीचा तर व्यापारच जवळजवळ बंद आहे. रोपवाटिकेचा माणूस बियांचे गाव सांगू शकला नाही, तर दुसरी रोपवाटिका पाहावी.